तीन दिव्यांचा झ

एक

गुरुवारी सकाळी सव्वानऊला नलूने चौकात सायकल थांबवली, मान वर केली आणि स्वतःच्या मरणाची बातमी वाचली.

‘कु. नलू रामाजी कुबडे यांचे दुःखद निधन. अंत्ययात्रा आज दुपारी ४ वाजता.’

मोतीलाल शेठच्या कापड दुकानावर, वरच्या मजल्याच्या कठड्याला दिव्यांची ती पाटी बांधलेली होती. लाल दिव्यांची जाड, चौकोनी अक्षरं उजवीकडून डावीकडे सरकत होती, संपत होती आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होती. त्यातलं एकेक अक्षर नलूने स्वतः काढलेलं होतं. आपल्याच हातचं असं अंगावर यावं म्हणजे काय म्हणायचं!

आता एखाद्याला वाटेल, कुणीतरी थट्टा केली असेल, त्यात एवढं घाबरायचं काय? तर दोन दिवस मागे जावं लागेल. मंगळवारी सकाळी याच पाटीवर ‘श्रीमती शोभाबाई झाडे यांचे दुःखद निधन, अंत्ययात्रा आज दुपारी ४ वाजता’ असं झळकलं होतं. शोभाबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, जिल्ह्यातल्या हस्तकला प्रदर्शनांच्या परीक्षक. त्या वेळी त्या पाटीखालीच मेथीची जुडी घेऊन उभ्या होत्या. पोट धरधरून हसल्या आणि म्हणाल्या, “चार जणांनी नाई भागाचं रे, सहा तरी आणजा. मी जड हाये!” संध्याकाळी कापसाच्या जुन्या, बंद पडलेल्या जिनिंग शेडच्या ओट्याखाली त्या मेलेल्या सापडल्या. ओट्यावरून पडून डोक्याला मार लागला, असं डॉक्टरांनी लिहिलं. अख्खं हिंगणघाट मात्र म्हणत होतं की पाटीनं नेलं.

म्हणून गुरुवारी चौकातली माणसं नलूपासून दोन-दोन पावलं मागे सरकली. रोज तिला हाक मारणारा पानवाला तिच्याकडे बघेना.

“अरे, बंद करा रे ते!” मोतीलाल शेठ दुकानातून ओरडत बाहेर आले.

वरून हेमराज बोंडे धडधडत खाली उतरला. पाटी त्यानंच बनवलेली. टीव्ही, रेडिओ, व्हिडिओ गेम दुरुस्त करणारा हुशार माणूस तो. वरच्या मजल्यावर पुढं त्याचं वर्कशॉप, मागं घर. अर्ध्या गालावर साबणाचा फेस तसाच होता. वरच्या यंत्रावर पाटी बंद करूनच तो आला होता; त्यानं नलूच्या खांद्यावर हात ठेवला.

“काही नाई गं, चिपमधे बिघाड हाये. घाबरू नोको,” तो अगदी मायेनं म्हणाला. “अन् दुपारचं ध्यानात हाये ना? हैदराबादचे साहेब तुह्यासाठीच येऊन राह्यले.”

नलूने मान हलवली खरी, पण तिला त्यातलं एक अक्षरही ऐकू गेलं नव्हतं. चार वाजायला पावणेसात तास होते.

दोन

बाप रामाजी नव्या जिनिंगमध्ये फिटर. सकाळपाळी सोडून तो धावत आला आणि हातात काठी घेऊन दारात बसला. पाटीवर काठी काय चालवणार होता बिचारा! पण बसला. शेजारच्या अनुसयाबाई मात्र आल्या त्या चश्मा पुसतच.

अनुसयाबाईंनी चौतीस वर्षं शिवण-भरतकाम शिकवलं होतं. आधी कारंजाच्या शाळेत, मग इथं. गल्लीत कुणाची पाटली हरवो, कुणाची सून रुसून जावो, लोक पोलिसांआधी बाईंकडे येत. उसवलेली शिवण कुठून सुटली ते शोधायची सवय, बाकी काही नाही, असं त्या म्हणत.

“रडणं मंग,” त्या म्हणाल्या. “आधी मले हे पाटीचं सांग. अडाण्याले सांगतात तसं सांग.”

नलूने डोळे पुसत सांगितलं. टीव्हीच्या व्हिडिओ गेममधली ‘गेम ओव्हर’ची ठोकळ्याठोकळ्यांची इंग्रजी अक्षरं तिनं लहानपणी पाहिली आणि मनात आलं, आपल्या मराठीत अशी काऊन नाहीत? अनुसयाबाईंनीच शिकवलेलं दोसुतीवरचं, म्हणजे चौकटीच्या कापडावरचं, भरतकाम तिला येत होतं. एक टाका म्हणजे एक चौकोन. तसंच आलेखाच्या वहीत चौकोन भरत तिनं अक्षरं काढली, प्रत्येक रेघ दोन चौकोन जाड. नाव ठेवलं ‘ठोकळा’. वर्ध्याच्या प्रदर्शनात वहीला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक शोभाबाईंनी तिच्यावर तारीख घालून सही-शिक्का मारला आणि कौतुकानं वही स्वतःकडेच सांभाळायला ठेवली. दोन अक्षरं नलूने दोसुतीच्या रुमालावर भरून हेमराजलाही दिली होती. तो रुमाल हेमराजच्या वर्कशॉपात भिंतीला टांगलेला असे.

“मग हेमराजभाऊंनी पाटी केली. तिच्यात तीनच चौकटी हायेत. कापसाचा भाव, दुकानाचा सेल अन् निधन. बाकी मजकूर पक्का असते. निधनात नाव अन् वाजले किती एवढंच बदलता येते, दुसरं काही लिहिता येत नाई.”

“अन् एखादं अक्षर नसलं तर?”

“यंत्रावर बटणानं एकेक दिवा लावून नवं अक्षर काढता येते.”

“बरं. आता मंगळवारी काय पाह्यलं ते या कागदावर काढ. लोकांनी सांगतलं ते नोको, तुह्या डोयानं पाह्यलं तेच.”

नलूने चौकोनांच्या कागदावर चौकोन भरायला घेतले. शो, भा, बा, ई. हात सवयीनं भराभर चालत होता. मग तो थांबला. पेन्सिल गळून पडली.

“बाई,” ती कुजबुजली, “शोभाबाई झाडे. यातला झ मी काढलाच नव्हता. लय जाड होते म्हणून मी तो बाकी ठेवला होता. पाटीत झ नव्हताच!”

तीन

बारा वाजले होते. अनुसयाबाईंनी नलूला घरात ठेवायचं म्हटलं, पण पोरगी एकटी राहायला तयार होईना. चौकात निदान माणसं तरी होती. काठीसकट रामाजी मागून चालला.

मोतीलाल शेठनी त्यांना पाहिलं आणि हातातला कापड मोजायचा गज खाली पडला. घाबरलेला माणूस आधी आपली बाजू मांडतो, तसं त्यांनी केलं.

“मी काही केलं नाई, बाई. मान्य, शोभाबाईंसंगं माहं भांडण झालतं. पाटीचा उजेड त्यांच्या खिडकीत जाते म्हणून त्यांनी नगरपालिकेत अर्ज देल्ला होता. पण म्हणून कोणी जीव घेते का? पाटी माह्या कठड्यावर हाये, यंत्र वरती. मी त्या जिन्याची पायरी चढत नाई.”

“काऊन?”

“हेमराजले आवडत नाई. त्याची बायको असते ना घरात. दोन वर्षं झाली लग्नाले, पण मी अजून तिचा आवाज नाई ऐकला. तो बाहेर गेला की दाराले बाहेरून कडी लावून जाते.”

अनुसयाबाईंनी कापडाचा एक काठ उलटसुलट करून पाहिला, जणू खरेदीलाच आल्यात.

“मंगळवारी शोभाबाईले शेवटचं कवा पाह्यलं?”

“साडेतीनले. इथूनच गेल्या, जिनिंगकडं. खांद्याले कापडी पिशवी होती. पिशवीतून लांबडी वही बाहेर निघून राह्यलती.” शेठनी पडलेला गज उचलला. “अन् हवालदारानं पंचनाम्याले मले बोलावलं तवा पिशवी रिकामी होती. मी बोललो नाई. म्हटलं, कायले नसती भानगड.”

लांबडी वही म्हणजे नलूची वही. शिक्क्याची, सहीची, ठोकळा तिनंच काढलाय हे सांगणारी जगातली एकुलती एक वही. ती घेऊन शोभाबाई भर दुपारी त्या ओसाड शेडमध्ये कुणाला भेटायला गेल्या होत्या?

“त्यांना कोणीतरी बोलावलं होतं,” अनुसयाबाई म्हणाल्या. “चार वाजता.”

चार

परत येईपर्यंत दीड वाजला. घड्याळाकडं बघायचं नाही असं नलूने ठरवलं होतं आणि दर मिनिटाला ती घड्याळच बघत होती. डाळभात तसाच ताटात राहिला. दारावरून कुणाची सायकल गेली तरी ती दचके. मरण कसं येणार हेच कळत नव्हतं. छप्पर पडणार, की विजेचा झटका बसणार, की दारातून कुणी आत येणार? कळलं असतं तर निदान तिकडं पाठ तरी केली नसती!

“तो झ कसा दिसत होता ते काढ,” अनुसयाबाई म्हणाल्या. “सुंदर काढू नोको. होता तस्सा काढ.”

नलूने डोळे मिटून आठवलं आणि काढला. चांगला सुबक झ होता, पण शेजारच्या अक्षरांपेक्षा अंगानं फुगलेला. तिनं मंगळवारी पाहिला तेव्हाच तो तिला खटकला होता. मग शोभाबाईंची बातमी आली आणि अक्षराचं कुणाला सुचतं?

“रेघ किती जाड हाये?”

“तीन. सगळीकडं तीनच. बाकी सगळी अक्षरं दोन दिव्यांची, हा तीन दिव्यांचा. चुकून एखादी रेघ होते तीनची, पण यानं तर सगळ्याच...”

अनुसयाबाईंनी कागद हातात घेतला. चेहरा उतरला. मग उठून त्यांनी आपल्या घरून दोसुतीचा तुकडा आणला, दोन टाके घातले आणि नलूपुढं धरला.

“मोज.”

“दोन.”

“टाके दोन. छिद्रं मोज. सुई वर-खाली गेली ती.”

नलूने मोजली. तीन होती.

“भरलेल्या कापडावरून नमुना उतरवताना टाके मोजाचे असतात. कच्च्या पोरी छिद्रं मोजतात अन् नमुना फुगते. दोन दिवसात सुधारतात साऱ्या. एकच पोरगी सुधारली नाई. कारंजाच्या शाळेत होती. हात असा देखणा, की काय सांगू! पण छिद्रंच मोजे. मी किती वेळा उसवाले लावलं तिले, रडे अन् पुन्हा छिद्रंच मोजे.” बाईंनी कागदावर बोट ठेवलं. “हा झ तिनं वर्कशॉपातल्या तुह्या रुमालावरून जाडी मोजून काढला.”

“कोण ती?”

“दिपाली. हेमराजची बायको.”

नलू उभीच राहिली. “मंग तिनंच शोभाबाईले... अन् आता मले...”

“बस खाली. डोकं चालव. ज्याले जीव घ्याचा असते तो चौकात दिवे लावून सांगते का? अन् वेळ कळवते का? कडी लावलेल्या घरात बसलेली बाई हाये ती. तिले कोणाले तरी काही सांगाचं होतं. पण यंत्र देते काय? एक नाव अन् एक वेळ. भावाच्या चौकटीत नाव बसत नाई, सेलमधे बसत नाई. राह्यली निधनाची. पोरी, ही धमकी नाई. चारले जाऊ नोको, एवढंच ती सांगून राह्यली. शोभाबाई हसली अन् गेली.” त्यांनी नलूचे दोन्ही हात धरले. “आता सांग. आज चारले तुले कुठं जाचं होतं?”

इतकी सरळ गोष्ट सकाळपासून पोरीच्या ध्यानात आली नव्हती. भीतीनं माणसाचं असंच होतं. साप म्हणून दोरीकडं बघत राहतो आणि पायाखाली बघत नाही.

“हायवेवर,” नलू म्हणाली. “हेमराजभाऊंच्या स्कूटरवर. हैदराबादची कंपनी गेम बनवते, त्यांना माही अक्षरं पायजेत म्हणे.”

पाच

रामाजीला ठाण्यावर पिटाळून दोघी चौकात आल्या तेव्हा तीन वाजून गेले होते. पाटी बंद होती, तरी शंभरेक माणसं माना वर करून उभी होती. चारला काय होतं ते बघायला आलेली! नलूला बघून ती पांगली आणि वाट झाली. हेमराजची स्कूटर जिन्याखाली नव्हती.

वर दाराला बाहेरून कडी. अनुसयाबाईंनी ती काढली.

वर्कशॉपात उघड्या टीव्हींच्या मधोमध दिपाली उभी होती. विशीतली, बारीक, डाव्या डोळ्याखाली काळंनिळं. बाईंना पाहून ती आधी घाबरली आणि मग शाळेतल्या पोरीसारखी म्हणाली, “बाई, मी छिद्रं मोजली ना?”

“मोजली. लय चांगलं केलं,” अनुसयाबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिला जवळ घेतलं.

मग ती बोलायला लागली, दोन वर्षांचं साठलेलं. हेमराजनं ठोकळा स्वतःच्या नावानं हैदराबादला विकला होता. उद्या कागद व्हायचे होते, त्याआधी खरं सांगणारं कुणी उरायला नको होतं; आजचे साहेब ही नुसती थाप. वही आणून द्या म्हणून त्यानं शोभाबाईंना फोन करून शेडमध्ये बोलावलं. फोन ठेवल्यावर तो स्वतःशीच म्हणत होता, “देली तर ठीक, नाई तर म्हातारीचा पाय ओट्यावरून सटकाले किती वेळ लागते.” दिपालीनं ते मागच्या खोलीतून ऐकलं. फोनच्या तबकडीला कुलूप. खिडकीला जाळी. मंगळवारी सकाळी तो कामाला वर्ध्याला गेला, दुपारी परतायचा होता, तेवढ्यात तिनं पाटी चालू केली. खालची माणसं वाचताना तिला दिसली आणि तिला वाटलं, वाचली म्हातारी.

“आज तो न्हानीत होता तवा तुहं नाव टाकलं. त्यानं ओळखलं. मले म्हणे, आधी तिचं उरकतो, मग तुहं पाहतो. वही त्या कपाटात...”

तिचा शब्द अर्धाच राहिला. जिन्यावर चपला वाजल्या. सावकाश, एकेक पायरी.

सहा

हेमराज आत आला, त्यानं दार लावलं आणि आतून अडणा टाकला. हातात मोठा पाना होता. आवाज मात्र सकाळसारखाच मायेचा.

“नलू, तुह्या घरी गेलतो मी घ्याले. अन् तू इथं? बाई, तुम्ही पण? या वयात कायले जिने चढता? पाय घसरते माणसाचा.”

“पोलीस येऊन राह्यले, हेमराज,” अनुसयाबाई म्हणाल्या.

“येतील तवा येतील. म्हातारी पडली, पोरीनं भीतीनं खिडकीतून उडी मारली. चौकातलं लेकरूही सांगेल की पाटीवर नाव आलतं. माह्या बायकोनंच सोय करून ठेवली माही.”

तो हसला. नलू ओरडली, पण चौकातल्या गलक्यात ते बुडालं. खाली शंभर माणसं होती, चार वाजायची वाट बघत, आणि ती इथं दहा हातांवर मरणार होती. तो पुढं आला तशी ती मागं सरकली. टेबलाची कड पाठीला लागली. शेजारी दिपाली उभी होती, हात मागं घेऊन. नलूला फक्त तिचं बोट दिसलं. ते यंत्राच्या एका बटणावर टेकलं आणि दाबलं गेलं.

काहीच झालं नाही. दिवा नाही, आवाज नाही. हेमराजनं पाना उचलला.

आणि खालून आरोळी उठली.

शंभर माणसांच्या तोंडून, एकदम. “तिसरी! अरे, तिसरी!” मग मोतीलाल शेठचा आवाज, सगळ्यांच्या वर, फाटलेला, “अरे, दोघी आत्ताच वर गेल्या ना! पाहून काय राह्यले, चला!” जो माणूस त्या जिन्याची पायरी चढत नव्हता तो पहिला चढला. हेमराज दाराकडं वळला, त्या एका क्षणात अनुसयाबाईंनी नलूला आणि दिपालीला ओढून लोखंडी कपाटामागं घातलं. तिसऱ्या धडकेला अडणा मोडला. कापडाचा लोखंडी गज घेऊन शेठ आत आले आणि त्यांच्यामागं पानवाला, हमाल, भाजीवाल्या पंचफुलाबाई, ज्याला वाट मिळाली तो. सकाळी दोन पावलं मागं सरकलेली हीच माणसं. पाना कुणी हिसकला ते कळलंच नाही.

रामाजी हवालदारांना घेऊन आला तेव्हा हेमराज टीव्हींच्या ढिगात पालथा होता आणि त्याच्या पाठीवर दोन हमाल बसले होते. वही कपाटात मिळाली, शोभाबाईंच्या सहीसकट. नलूने ती छातीशी धरली आणि ती मोठ्यानं रडली. सकाळी अर्ध्यावर थांबवलेलं भीतीचं रडणं सगळं बाहेर आलं. रामाजी नुसता तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला.

हेमराजला खाली नेलं. मागून बायका उतरल्या. शेवटच्या पायरीवर दिपाली अडखळली. दोन वर्षांत ती चौकात उतरली नव्हती. ती चार पावलं पुढं गेली, वळली आणि तिनं मान वर केली.

‘सौ. दिपाली हेमराज बोंडे यांचे दुःखद निधन. अंत्ययात्रा आज दुपारी ३ वाजता.’

“हे कवा भरलं होतं तू?” नलूने विचारलं.

“सकाळीच. तुहं बंद केलं त्यानं, तवाच. म्हटलं, मले मारताना निदान बटण तरी दाबता येईल. वेळ मात्र अंदाजानं टाकली.”

मोतीलाल शेठनी डोळे टिपले आणि ते लगबगीनं जिन्याकडं निघाले. “थांब बेटी, बंद करतो मी ते. असं अभद्र कायले...”

“नोको, शेठजी,” दिपाली म्हणाली. दोन वर्षांत त्यांनी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. “संध्याकाळपर्यंत चालू द्या. बोंड्याच्या घरची दिपाली गेली, हे साऱ्या गावाले वाचू द्या.”

मग तिनं अनुसयाबाईंचा हात धरला आणि दोघी बाजाराच्या रस्त्यानं बाईंच्या घराकडं निघाल्या.